आधीचं चित्र

१९९४ साल. नॉर्वेच्या स्टॅव्हँगरपासून पश्चिमेला साधारण अडीचशे किलोमीटरवर, उत्तर समुद्रात, तुम्ही एका सर्वेक्षण जहाजाच्या पिछाडीला उभे आहात. कठड्यावरून खाली वाकून पाहिलंत तर लांबच लांब केबली पाण्यात उतरलेल्या दिसतात. पार मागे, जिथवर नजर जेमतेम पोचते तिथे, त्यांच्या शेपटांचे बोये लाटांवर डुचमळतायत. केबलींच्या पोटात ओळीने हायड्रोफोन बसवलेले आहेत. दर काही सेकंदांनी एअरगनमधली दाबलेली हवा पाण्यात एकदम सुटते. तो आवाज कानांना फारसा कळत नाही, तळपायांतून वर येतो. धप्. मग थोडा वेळ नुसता वारा आणि इंजिन. पुन्हा धप्.

तो धक्का ८० मीटर पाणी ओलांडून समुद्रतळात शिरतो. चिखल, शेल, वाळू, परत शेल असं करत खाली जातो, आणि जिथे एका थराची जात संपून दुसरीची सुरू होते तिथून त्याचा थोडा अंश मागे फिरतो. वरून सोडल्यापासून परत यायला सेकंदभर, फार तर काही सेकंद. आतल्या खोलीत, यंत्रांच्या घरघरीत, ते परतलेले ध्वनी टेपवर उतरत राहतात. महिनोन्‌महिने गणकयंत्रांवर त्यांची चाळणी झाली की खालच्या खडकांचं चित्र तयार होतं.

त्या चित्रात तुम्ही एकच जागा नीट बघून घ्या. समुद्रसपाटीखाली साधारण आठशे मीटरपासून सुरू होणारा, दोन-तीनशे मीटर जाडीचा एक थर आहे. त्याचं नाव उत्सिरा. त्याच्या डोक्यावर शेलचं जाड झाकण आहे. आणि थराच्या पोटात? तिथे जवळपास काही नाही. उठून दिसेल अशी एकही ठळक रेघ नाही. हे फिकं, जवळजवळ कोरं चित्र पाहून कुणी फार वेळ थांबणार नाही. पण पुढच्या तीस वर्षांत जे काही कळणार आहे ते या कोऱ्या जागेमुळे कळणार आहे.

आता पन्नास लाख वर्षं मागे जाऊन उत्सिराची वाळू साठताना पाहून घ्या. उथळ, थंड समुद्र. भोवतालच्या जमिनींवरून आलेली वाळू लाटा आणि प्रवाह पसरून ठेवतायत. मधूनच समुद्र शांत होतो आणि गाळाचा मीटरभर जाडीचा एक पापुद्रा बसतो. मग पुन्हा वाळू. कणांमधल्या फटी मोठ्या आहेत. थराच्या आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक जागा मोकळी, म्हणजे खाऱ्या पाण्याने भरलेली. असा हा थर पुढे सव्वीस हजार चौरस किलोमीटरवर पसरलेला सापडणार आहे. ते मीटरभर जाडीचे पापुद्रे मात्र लक्षात असू द्या. १९९४ च्या चित्रात ते दिसतच नाहीत, कारण ध्वनिलहरींच्या मानाने ते फार पातळ आहेत.

सप्टेंबर १९९६. त्याच पाण्यातल्या स्लाइप्नर प्लॅटफॉर्मवर तुमच्याभोवती नळांचं जंगल आहे. इथल्या पश्चिमेकडच्या क्षेत्रातून निघणाऱ्या नैसर्गिक वायूत नऊ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड येतो, आणि युरोपातला ग्राहक अडीच टक्क्यांहून जास्त चालवून घेत नाही. म्हणजे तो इथेच वेगळा काढावा लागतो. वेगळा काढला की सगळीकडची रीत एकच होती: सोडा हवेत. पण नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेलवायू उद्योगावर कार्बन डायऑक्साइडचा कर बसवला, आणि हवेत सोडणं महाग झालं. स्टॅटऑइलने, म्हणजे आजच्या इक्विनॉरने, मग तो वायू परत खाली, उत्सिराच्या वाळूत, घालायचं ठरवलं. वातावरणासाठी, केवळ साठवण्यासाठी, औद्योगिक प्रमाणावर एवढा कार्बन डायऑक्साइड खोल खाऱ्या जलधरात घालण्याचं हे जगातलं पहिलं काम. त्यामागे कर होता, ही गोष्ट मला कमीपणाची वाटत नाही. कायद्याने किंमत लावली आणि अभियंत्यांनी वाट काढली. असं व्हायलाच हवं.

विहीर सरळ खाली जात नाही. ती तिरपी होत, शेवटी जवळजवळ आडवी होऊन प्लॅटफॉर्मपासून दोन किलोमीटरहून अधिक लांब जाते. वायू बाहेर पडतो ती जागा समुद्रसपाटीखाली १,०१२ मीटरवर, नळीच्या जेमतेम ३८ मीटर लांबीच्या छिद्रांतून. तिथला दाब हवेच्या शंभरपट आहे, तापमान पस्तीस अंशांच्या पुढे. अशा जागी कार्बन डायऑक्साइड ना धड वायू राहतो, ना धड द्रव होतो. वजनाने द्रवाजवळ, वाहण्याने वायूजवळ. पाण्याहून हलका असल्यामुळे तो वर सरकणार, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तो किती वर जाईल, कुठून जाईल आणि कुठे थांबेल, हे ठाऊक नाही. वर्षाला सुमारे दहा लाख टन. पंप चालू आहेत. तुम्ही डेकवर पाय आपटून पाहिलात तरी खालून उत्तर येत नाही.

१९९९. जहाज पुन्हा त्याच पाण्यात येऊन गेलंय. तेच फेरे, शक्यतो त्याच रेषांवर. शक्यतो म्हणायचं कारण असं, की समुद्रात पाच वर्षांनी तीच रेषा पकडणं सोपं नसतं. प्रवाह केबली बाजूला ओढतो, भरती-ओहोटीने पाण्याची खोली बदलते, यंत्रंही बदललेली असतात. त्यामुळे दोन चित्रांतला फरक काढताना खडकात झालेला बदल कोणता आणि आपल्या मोजणीतला कोणता, हे वेगळं करावं लागतं. झाकणाच्या वरच्या, जिथे काहीच घडलेलं नाही अशा खडकांवर दोन्ही चित्रं आधी जुळवून घेतात. वर जुळलं की मग खाली पाहायचं.

तुम्ही पडद्यासमोर बसता. डावीकडे १९९४. उजवीकडे १९९९. डावीकडचा उत्सिरा मघाशी पाहिला तसाच, फिका. उजवीकडे त्याच जागी ठळक, चमकदार रेघा, एकावर एक, तव्यांची चळत रचावी तशा. पुढच्या मोजण्यांत तज्ज्ञ असे नऊ थर मोजणार आहेत. पन्नास लाख वर्षांपूर्वी बसलेले ते मीटरभर जाडीचे पापुद्रे, जे आधी दिसत नव्हते, ते आता दिसतायत. कारण प्रत्येकाच्या खाली कार्बन डायऑक्साइड अडून पसरलाय आणि पापुद्र्याचा आकार त्याने उजेडात आणलाय.

नजर जरा खाली न्या. उत्सिराचा तळ १९९४ मध्ये सपाट दिसत होता. आता वायूच्या बरोबर खाली तो खचल्यासारखा दिसतोय. तळ खचलेला नाही. पाण्याने भरलेल्या वाळूतून ध्वनी सेकंदाला दोन हजार मीटरच्या आसपास जातो. त्या फटींत कार्बन डायऑक्साइड शिरला की वेग साडेचौदाशेपर्यंत उतरतो. लहर वायूतून जाताना रेंगाळते, उशिरा परतते, आणि उशिरा आलेली गोष्ट चित्रात खोल दिसते. हा भासच पुरावा आहे. ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अँडी चॅडविक, नेदरलँड्सच्या टीएनओ संस्थेचे रॉब आर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रेघांची चमक आणि हा खोटा खड्डा, दोन्हींचा वर्षानुवर्षं हिशेब मांडला.

आणि एक गोष्ट त्या खोलीतल्या कुणालाही सुखाची वाटली नसणार. १९९९ पर्यंत खाली गेलेला माल सुमारे २३ लाख टन. तेवढ्यात, तीन वर्षांच्या आत, तो थेट थराच्या माथ्यापर्यंत पोचला होता. सगळ्यात वरच्या पापुद्र्याची जाडी इतरांसारखी मीटरभर नाही, पाच ते सात मीटर, तोही ओलांडून. म्हणजे वाटेतले पापुद्रे अडवतात, पण पूर्ण अडवत नाहीत. खरं झाकण त्यांच्या वरचं, शेकडो मीटर जाडीचं. ते टिकलं. त्यानंतर २००१, २००२, २००४, २००६ आणि पुढेही जहाज येत राहिलं आणि दर वेळी झाकणाच्या वरचं चित्र १९९४ सारखंच निघालं. माथ्याशी पोचलेला वायू झाकणाच्या खालच्या उंचसखल पृष्ठभागाला धरून उत्तरेकडच्या एका लांबट उंचवट्याकडे सरकत राहिला.

इथे जरा थांबू या. ध्वनिलहरी वायू कुठे आहे ते उत्तम दाखवतात. किती आहे, हे विचारलं की त्या अडखळतात. खाऱ्या पाण्यात वायूचा थोडासा अंश मिसळला की ध्वनीचा वेग झपकन उतरतो, आणि त्यानंतर अंश कितीही वाढवा, वेग जवळपास तिथेच राहतो. वाळूच्या फटीत पाचवा हिस्सा वायू असो की चार हिस्से, लहरीला दोन्ही जवळजवळ सारखेच. आपण खाली इतके लाख टन घातलेत असं कंपनी सांगते. चित्र म्हणतं, हो, तिथे आहे खरं. पण सगळं तिथेच आहे का? एवढ्याशा फरकावर विश्वास टिकतो किंवा मोडतो. म्हणून दुसरा साक्षीदार लागतो.

२००२. तुम्ही समुद्रतळावर आहात. अंधार, आणि दूरनियंत्रित पाणबुड्या वाहनाच्या दिव्यांनी उजळलेला राखाडी चिखल. त्यावर काँक्रीटचा एक ठोकळा. असे तीसेक ठोकळे इथे मांडलेले आहेत, एक ओळ पूर्व-पश्चिम सातेक किलोमीटर, दुसरी तिला आडवी, उत्तर-दक्षिण तीनेक किलोमीटर. वाहन आपल्या यांत्रिक हाताने एक जडशीळ पेटी उचलतं आणि ठोकळ्यावर अलगद ठेवतं. पेटीत गुरुत्वमापक आहेत. ही मोजणी स्टॅटऑइल आणि अमेरिकेतली स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था यांनी मिळून उभी केली. पेटी ठेवली की सगळं स्थिर व्हायची वाट पाहायची, वीसेक मिनिटं आकडे घ्यायचे, उचलायची, पुढच्या ठोकळ्यावर. सगळे ठोकळे झाले की परत पहिल्यापासून, कारण यंत्राचा स्वतःचा काटा हळूहळू सरकतो आणि तो सरकणं वजा करायला त्याच जागी पुन्हा पुन्हा यावं लागतं.

मोजायचं काय? खारं पाणी जड, त्याची जागा घेणारा कार्बन डायऑक्साइड हलका. म्हणून जिथे वायू आहे तिथे पृथ्वीची ओढ किंचित कमी होते. किंचित म्हणजे काही मायक्रोगॅल, आणि एक मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा साधारण अब्जावा भाग. तुमच्या डोक्यावरून भरतीचं पाणी सरकलं तरी याहून मोठा फरक पडतो. शेजारच्या, खूप खोलवरच्या वायूसाठ्यातून वायू काढला जातोय आणि त्याच्या जागी पाणी शिरतंय, त्याचाही फरक पडतो. हे सगळं एकेक करून वजा केल्यावर जे उरतं ते उत्सिरातल्या वायूचं.

तीन वर्षांनी, २००५ मध्ये, पेटी पुन्हा त्याच ठोकळ्यांवर. मग २००९ आणि २०१३. पहिल्या दोन मोजण्यांवरून खालच्या कार्बन डायऑक्साइडची घनता घनमीटरला ५३० किलोच्या आसपास काढली गेली. तिसरी मोजणी झाल्यावर, थरातलं तापमानही नीट कळल्यावर, तो आकडा ६७५ च्या घरात गेला. दोन्ही आकड्यांत मोठं अंतर आहे, आणि ते अंतर उघड्यावर छापलं गेलं, दुरुस्त झालं, हे मला या सगळ्या कहाणीतलं सगळ्यात आश्वासक वाटतं. त्याच हिशेबातून हेही निघालं, की वायू पाण्यात विरघळण्याचा वेग वर्षाला १.८ टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. विरघळण्याकडे आपण पुढे येऊ.

इथून थेट अवकाशात चला. ‘एनव्हिसॅट’ हा युरोपीय उपग्रह, जमिनीपासून आठशे किलोमीटरच्या आसपास उंचीवर. खाली अल्जीरिया, सहारा. क्रेश्बा नावाच्या वायूक्षेत्रात, इन सलाह प्रकल्पात, २००४ पासून तीन आडव्या विहिरींतून कार्बन डायऑक्साइड खाली घातला जातोय, जमिनीखाली १,९०० मीटरच्या सुमारास. इथला वालुकाश्म उत्सिरासारखा सढळ नाही. थर वीसेक मीटर जाड आणि फटी चिंचोळ्या. वायू घालायचा म्हणजे दाब लावून घालावा लागतो.

उपग्रह दर ३५ दिवसांनी त्याच जागेवरून जातो आणि साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास तरंगलांबीची रडारलहर खाली सोडतो. परतलेल्या लहरीचा टप्पा आधीच्या फेरीतल्या टप्प्याशी ताडून पाहिला तर जमीन मिलिमीटरांनी वर आली की खाली गेली ते कळतं. वाळवंट यासाठी फार सोयीचं. गवत नाही, पीक नाही, दगड वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. तुम्ही तिथे उतरून उभे राहिलात तर पायाखाली काहीच जाणवणार नाही. पण वरून पाहणाऱ्याला विहिरींच्या माथ्यावरची जमीन वर्षाला साधारण पाच मिलिमीटरने फुगताना दिसते आहे. खालचा दाब दोन किलोमीटर खडक उचलतोय.

त्यातली एक विहीर, केबी-५०२, वेगळी वागते. तिच्यावर एक फुगवटा नाही, दोन आहेत, आणि मध्ये लांबट पन्हळ. खोलवर एखादी उभी भेग उघडली की पृष्ठभाग असाच उचलला जातो, हे भूभौतिकशास्त्रज्ञांना गणिताने माहीत होतं. २००९ ची ध्वनिलहरींची मोजणी झाली तेव्हा त्याच दिशेची सरळ रेषा खालीही दिसली. दाब भेगेत शिरला होता. याच विहिरीजवळच्या केबी-५ या जुन्या, वापरात नसलेल्या विहिरीच्या तोंडाशी २००७ मध्ये कार्बन डायऑक्साइड सापडला. ती विहीर मग नीट बुजवावी लागली. जून २०११ मध्ये वायू घालणं थांबवलं गेलं. तोवर ३८ लाख टन खाली गेले होते. झाकणाच्या खडकातून वायू वर आल्याचा पुरावा मिळाला नाही. पण तो मिळेपर्यंत वाट पाहिली नाही, हे महत्त्वाचं. आठशे किलोमीटरवरून मिळालेले मिलिमीटर आणि खालून परतलेल्या ध्वनिलहरी, दोन्ही पाहून निर्णय झाला. अशा थांबवलेल्या प्रकल्पाला लोक अपयश म्हणतात. मोजणी ज्या कामासाठी केली जाते ते काम इथे झालं, असं माझं म्हणणं आहे.

आता घरी या. ११ डिसेंबर १९६७, पहाटे सव्वाचार वाजून गेलेले. कोयनानगर. थंडीत गाव झोपलंय. पुढच्या काही क्षणांत ६.३ तीव्रतेचा भूकंप होणार आहे, घरं कोसळणार आहेत, दोनशेच्या आसपास माणसं जाणार आहेत. तुम्ही इथे काही बदलू शकत नाही. कोयना धरणात पाणी साठू लागलं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि पाठोपाठ लहान हादरे जाणवू लागले. खडकातल्या भेगांमध्ये पाण्याचा दाब वाढला की दोन बाजूंना घट्ट धरून ठेवणारं घर्षण कमी होतं. आधीच ताणलेली भेग सरकायला निमित्त मिळतं. कार्बन डायऑक्साइड असो की धरणाचं पाणी, भेगेला फरक पडत नाही. जलाशयामुळे चेतलेल्या भूकंपांचं कोयना हे जगातलं सर्वांत अभ्यासलेलं उदाहरण ठरलं. आज कराडच्या प्रयोगशाळेतून तिथे खोल विहिरींत यंत्रं उतरवली जातात, गोठणे इथे तीन किलोमीटर खोल चाचणी विहीरही झाली.

पण धरण परिसरात भूकंपमापक बसले ते हादरे जाणवू लागल्यावर. पाणी साठण्याआधी इथे बारीक हादरे होत होते की नव्हते, याला जवळून घेतलेल्या नोंदीचा आधार नव्हता, आणि तो वाद कितीतरी वर्षं चालला. ज्यांची घरं गेली त्यांना या वादाने काहीच दिलं नाही. याच्या शेजारी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं डेकेटर ठेवून पाहा. तिथे २०११ ते २०१४ या काळात दहा लाख टन कार्बन डायऑक्साइड जमिनीत घातला गेला. पण त्याआधी वर्षभराहून जास्त काळ विहिरींतल्या भूकंपमापकांनी नुसतं ऐकून ठेवलं होतं. पुढे हजारो बारीक हादरे नोंदले गेले, जमिनीवर न जाणवणारे. एवढे आधी नव्हते हे ठामपणे सांगता आलं, म्हणून ते कशामुळे आले यावर बोलता आलं.

२०१३ च्या सुमाराला आइसलँडमध्ये हेलिशेदी इथे फार काळ थांबू नका, पण एक वस्तू पाहून घ्या. कार्बफिक्स प्रकल्पात २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड चारशे ते आठशे मीटर खोल बेसाल्टमध्ये सोडला गेला. इथे ध्वनिलहरींचा उपयोग नाही, कारण विरघळलेला वायू लहरीला पाण्याहून वेगळा वाटत नाही. म्हणून वायूसोबत किरणोत्सारी कार्बन आणि इतर मागकाढे मिसळले, आणि सत्तरेक मीटरवरच्या निरीक्षण विहिरीतलं पाणी तपासत बसले. पुढे विहिरीतला पंप बंद पडला. वर काढून पाहिला तर त्यावर स्फटिकांचा जाड थर. खरवडून तपासला: कॅल्साइट, आणि त्याच्या पोटात आपणच सोडलेला तो कार्बन. बेसाल्टमधल्या कॅल्शियमशी संयोग होऊन वायूचा दगड झाला होता. दोन वर्षांच्या आत पंचाण्णव टक्क्यांहून जास्त वायू असा खनिजात गेला, हे २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालं. मोजमापाचं एक यंत्र बुजलं आणि तेच सर्वांत भक्कम मोजमाप ठरलं.

आणि आता पुढे चला, शंभर, तीनशे, हजार वर्षं. या प्रवासात मी खात्रीने काही दाखवू शकत नाही, भौतिकशास्त्र सांगतं तेवढंच सांगतो. पंप केव्हाच थांबलेत. उत्सिरात वायू झाकणाखाली पडून आहे आणि कडेकडेने खाऱ्या पाण्यात विरतोय. असं पाणी आजूबाजूच्या पाण्याहून जरा जड, म्हणून ते हळूहळू तळाकडे बुडतंय. ते वर येण्याचं कारण उरलेलं नाही. आणि याच वेळी वरून पाहणाऱ्याच्या चित्रातल्या चमकदार रेघा एकेक करून मंद होतायत. म्हणजे वायू जितका सुरक्षित होतो तितका तो आपल्या लहरींना दिसेनासा होतो. रेघ पुसली गेली ती विरघळल्यामुळे की निसटल्यामुळे, हे ओळखायला तेव्हाच्या माणसांकडे आपली सगळी चित्रं असायला हवीत, आणि ती वाचता यायला हवीत. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात साठा बंद झाल्यावर त्याची जबाबदारी कंपनीकडून सरकारकडे जायला सर्वसाधारणपणे किमान वीस वर्षं ठेवली आहेत, आणि साठा गणितात मांडल्याप्रमाणे वागतोय हे दाखवल्याशिवाय ती जात नाही. वीस वर्षांत टेप बदलतात, माणसं निवृत्त होतात, कंपन्यांची नावं बदलतात. स्लाइप्नरच्या बाबतीत एक चांगली गोष्ट झाली आहे: तिथल्या ध्वनिचित्रांचा मोठा संच अभ्यासकांना खुला केला गेला, १९९४ च्या मोजणीसह. मुंबईतल्या एखाद्या विद्यार्थिनीलाही तो उतरवून घेता येतो. २०२५ च्या ऑगस्टपासून नॉर्वेच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ प्रकल्पात ब्रेविकच्या सिमेंट कारखान्यातला वायू समुद्राखाली जाऊ लागलाय. म्हणजे आता वायूक्षेत्रातला नव्हे, तर इतरांच्या धुराड्यांतला माल ठेवायचाय, आणि हिशेब मागणारेही वाढणार.

शेवटचा मुक्काम आज, दख्खनच्या पठारावर. पायाखाली सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. बेसाल्टमध्ये वायूचा दगड होतो हे आइसलँडनंतर अमेरिकेतल्या वॉलुला इथेही २०१३ च्या प्रयोगात दिसलं, त्यामुळे आपल्या या पाषाणाकडे अभ्यासकांचं लक्ष आहे. महाराष्ट्रात कधी असा साठा करायचं ठरलं, तर मोजायचं कसं? ध्वनिलहरी लाव्ह्याच्या थराथरांत विखुरतात. बेसाल्टखाली काय आहे हे पाहताना तेलशोधकांची दमछाक होते, ती उगीच नाही. उपग्रहाला सहारात जे दिसलं ते इथे दिसणं कठीण, कारण आषाढात ही जमीन हिरवी होते, नांगरलेलं शेत दोन फेऱ्यांत ओळखू येत नाही.

मग गुरुत्व. इथे एक साधा हिशेब करा. जमिनीत दहा सेंटीमीटर जाडीच्या पाण्याच्या थराएवढं पाणी मुरलं की गुरुत्व साधारण चार मायक्रोगॅलने वाढतं. बेसाल्टच्या भेगांत दोन टक्के जागा पाण्याला मिळते असं धरलं, तर विहिरीची पातळी पाच मीटर चढणं म्हणजे तेवढंच पाणी. एका चांगल्या पावसाळ्यात इतकं चढतं. म्हणजे स्लाइप्नरला समुद्रतळावर बसून जे काही मायक्रोगॅल शोधले, तेवढे इथे मृगापासून हस्तापर्यंत नुसता पाऊसच आणतो आणि उन्हाळा परत नेतो. वायूचा फरक ओळखायचा तर पावसाचा फरक आधी माहीत हवा, गावागणिक, आणि दुष्काळी वर्षाचा वेगळा, भरल्या वर्षाचा वेगळा.

ती नोंद आपल्याकडे निदान अर्धी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं गेली अनेक दशकं ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर जातात, वर्षातून चार वेळा टेप सोडतात, ओला झालेला आकडा वाचतात आणि लिहून ठेवतात. त्या विहिरींच्या काठावर गुरुत्वमापक ठेवून चार-पाच वर्षं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे. त्याला प्रकल्प मंजूर व्हायची, जागा ठरायची, कुणी गुंतवणूक करायची वाट पाहावी लागत नाही. पुढच्या मे महिन्यात, पाणी सगळ्यात खाली असताना, सुरुवात करता येते.